‘मला सुचलं’ म्हणजे नेमकं कोणाला?

मला भूक लागली. मला राग आला. मला आठवलं. मला सुचलं. मला झोप लागली. दिवसभरात अशी कितीतरी वाक्यं आपल्या तोंडून जातात आणि त्यांतल्या एकाही वाक्यात ‘मी’ काहीच करत नाही. लागते ती भूक, येतो तो राग. क्रियापदही त्यांच्याच मागे चालतं. बोलणारा माणूस ‘ला’ प्रत्यय लावून शेजारी उभा असतो, जे येईल ते त्याच्यापाशी येतं.

‘मी ठरवलं’, ‘मी विचार केला’ असं म्हणताना मात्र आपण थेट मालकाच्या जागी जाऊन बसतो. ही मालकी कितपत खरी, ते आत्ताच पाहता येईल. पुढच्या मिनिटाला तुमच्या मनात कोणता विचार येणार आहे, सांगा बरं. नाही सांगता येत. विचार येऊन उभा राहतो, मग तो आपल्याला कळतो, आणि त्यानंतर आपण म्हणतो की हा विचार मी केला. गणित सोडवताना आपण विचाराला एका दिशेने लावून धरतो हे खरं, पण पुढची पायरी डोक्यात उतरते ती सुचल्यासारखीच उतरते.

हा ‘मी’ म्हणजे भास आहे, असं काही तत्त्वज्ञ आणि मेंदूचे काही अभ्यासक सांगतात. हे वाक्य अर्धवट समजून उचललं तर माणूस कुठल्यातरी टोकाला जातो. एक तर ‘काहीतरीच काय, मी हा इथे बसलोय की’ म्हणून विषय सोडून देतो, नाहीतर ‘काहीच खरं नाही’ असं म्हणत भरकटतो. म्हणून आधी ‘भास’ या शब्दाचं काय ते पाहू.

सारख्या लांबीच्या दोन रेघा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची आत वळलेली पाती काढा, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. दुसरी रेघ लांब दिसते. म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये ही आकृती प्रसिद्ध केली. पट्टी लावून मोजलं तरी, दोन्ही सारख्या आहेत हे पक्कं माहीत झालं तरी, डोळ्यांना ती लांबच दिसत राहते. भासाचा स्वभावच असा आहे. रेघा आहेत. दिसणंही खरं आहे. फक्त जसं दिसतं तसं नाही.

‘मी’बद्दलचा दावा नेमका इतकाच आहे. तुम्ही नाही आहात, असं कोणी म्हणत नाही. शरीर आहे, मेंदू आहे, आठवणी आहेत, नाव आहे, नाती आहेत. प्रश्न आहे तो आपल्याला आतून जसा ‘मी’ वाटतो त्याचा. डोळ्यांच्या मागे कुठेतरी बसलेला, एकच एक, लहानपणापासून तोच, आणि सगळा कारभार हाकणारा कोणीतरी. असा कोणी आत सापडतो का?

जागेपासून सुरुवात करू. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी सतराव्या शतकात आत्म्याचं मुख्य ठाणं मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनिअल ग्रंथीत मानलं होतं. मेंदूतले बहुतेक भाग डाव्या-उजव्या जोडीने आहेत, ही ग्रंथी एकटी, म्हणून त्यांना ती योग्य वाटली. आज आपल्याला माहीत आहे की मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांत सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात असं एकही ठिकाण नाही. रंग एकीकडे ओळखला जातो, हालचाल दुसरीकडे, चेहरे तिसरीकडे. सगळ्यांचा अहवाल घेणारा साहेब कुठेच बसलेला नाही.

मग ‘हे शरीर माझं’ ही भावना तरी कुठून येते? मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, त्याच्या डोळ्यांसमोर रबराचा हात ठेवायचा, आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच जागी, एकाच दिशेने कुंचला फिरवायचा. थोड्या वेळात त्या माणसाला कुंचल्याचा स्पर्श रबराच्या हातावर होतोय असं वाटू लागतं. तो हात आपलाच वाटतो! कुंचल्यांचा ताल जरा मागेपुढे केला की जादू मोडते. म्हणजे ‘माझा हात’ ही भावना मेंदूने मांडलेला हिशेब आहे. डोळ्यांना दिसलेलं आणि त्वचेला कळलेलं एकाच वेळी जुळलं, तर हात माझा. २००७ मध्ये कॅमेरा आणि डोळ्यांवर चढवायचे व्हिडिओचे छोटे पडदे वापरून हाच खेळ अख्ख्या शरीराबाबत करण्यात आला आणि लोकांना आपण आपल्या शरीराच्या मागे बसलोय असं वाटू लागलं. त्याआधी २००२ मध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत उजव्या बाजूच्या एका ठरावीक भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वर तरंगतोय आणि खाली पलंगावर आपलंच शरीर दिसतंय असा अनुभव आला. प्रवाह थांबला की अनुभव थांबे. ‘मी इथे आहे’ यातला ‘इथे’ इतका सैल आहे.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते दुसऱ्याच एका प्रयोगाने. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा एक जाड पट्टा असतो. औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र अपस्मारात हा पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया केली जात असे. रुग्ण बरे होत, चालत-बोलत, हसत-खेळत. रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकल गॅझॅनिगा यांनी १९६० च्या दशकात अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास सुरू केला. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात स्पेरी यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

नजर समोर रोखली की डाव्या बाजूचं दृश्य उजव्या मेंदूत जातं आणि उजव्या बाजूचं डाव्या मेंदूत. बोलतो तो बहुतेकांचा डावा मेंदू. आता गॅझॅनिगा यांच्या प्रयोगात काय झालं पाहा. एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने भरलेलं घराचं आवार. मग समोर बरीच चित्रं मांडून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्या हाताने फावडं. दोन्ही निवडी अगदी बरोबर, कारण बर्फ उपसायला फावडंच लागतं. पण ‘फावडं का निवडलं?’ असं विचारल्यावर उत्तर देणार होता डावा मेंदू, आणि त्याला बर्फाचा पत्ताच नव्हता. ‘मला माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर ठरलं असतं. तो रुग्ण क्षणभरही न अडखळता म्हणाला की कोंबडीचा पाय कोंबडीशी जुळतो, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतं.

हे वाक्य पुन्हा वाचा. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. डाव्या मेंदूतल्या या यंत्रणेला गॅझॅनिगा यांनी जे नाव दिलं त्याला मराठीत ‘भाष्यकार’ म्हणता येईल. घडून गेलेल्या गोष्टींवर भाष्य करायचं, त्यांची एक सलग गोष्ट लावायची आणि गोष्टीच्या मध्यभागी ‘मी’ ठेवायचा, हे त्याचं काम. पट्टा कापल्यावर माणसात दोन जाणिवा होतात की जाणीव एकच राहून माहिती तेवढी तुटते, यावर अजून वाद आहे. पण भाष्यकाराचं काम त्या वादावर अवलंबून नाही, कारण तो शाबूत मेंदूतही पकडला गेलाय.

स्वीडनमध्ये पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेला प्रयोग असा. लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जास्त आवडलेला निवडायला सांगायचा, आणि हातचलाखीने न निवडलेला फोटो त्यांच्या हातात देऊन विचारायचं, हा का आवडला? बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. लोकांनी कारणंही दिली, आणि त्यांतली काही कारणं तर फक्त बदललेल्या फोटोलाच लागू होती. म्हणजे न निवडलेल्या चेहऱ्यावर जे आहे, ते आवडलं म्हणून मी निवडला! हे वाचल्यापासून मी ‘मी असं का केलं’ याचं स्वतःचं उत्तर पूर्वीइतक्या भरवशाने देऊ शकलेलो नाही. मित्र का तुटला, काम का सोडलं, त्या दिवशी एवढा का चिडलो. या सगळ्याच्या गोष्टी माझ्याकडे तयार आहेत. त्यांतल्या कितीमध्ये खुराडं आहे, कोण जाणे.

कर्तेपणाच्या बाबतीत बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि ‘आता हलवू’ असं नेमकं कधी वाटलं ते घड्याळासारख्या फिरत्या ठिपक्यावरून सांगायचं. मेंदूतली तयारी हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली, आणि इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी. ‘मेंदू आधी ठरवतो, तुम्हाला मागाहून कळतं’ असा याचा डंका पिटला गेला. माझ्या मते या प्रयोगावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला गेलाय. २०१२ मध्ये आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती तयारी म्हणजे मेंदूतल्या नुसत्या चढउतारांची सरासरी असू शकते, निर्णय नव्हे. शिवाय मनगट केव्हा हलवायचं आणि नोकरी सोडायची का, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

‘लहानपणापासून तोच मी’ यात आठवणींचा मोठा हात आहे असं आपण धरून चालतो. १९५३ मध्ये हेन्री मोलायसन यांच्यावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. २००८ मध्ये वारले तोवर हे असंच चाललं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून तारा गिरवायला दिला. दिवसागणिक हात सुधारत गेला, पण दर वेळी आपण हे पहिल्यांदाच करतोय असं त्यांना वाटे. एका माणसात शिकणारा एक आणि न आठवणारा एक. आणि तरीही बोलायला बसलं की ते सौम्य, विनोदी, तेच हेन्री असत. आपण ज्याला एक अखंड ‘मी’ म्हणतो तो असा सुट्या धाग्यांचा पीळ आहे. काही धागे तुटले तरी उरलेल्यांचा पीळ टिकतो.

प्रयोगशाळा नसतानाही काहींना हे दिसलं होतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ मध्ये लिहिलं की मी स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा दर वेळी ऊब, थंडी, प्रेम, द्वेष, वेदना असं काहीतरी हाती लागतं. ज्याला हे होतं तो ‘मी’ कधीच हाती लागत नाही. त्याच्या कितीतरी आधी भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? यांतलं एकही रथ नाही, आणि हे सगळं वगळून वेगळा रथ उरतही नाही. तरी ‘रथ’ हा शब्द खोटा नाही, व्यवहाराला तो चालतो. ‘नागसेन’ हे नावही तसंच. सांख्य दर्शनातला ‘अहंकार’ म्हणजे गर्व नव्हे. ‘मी’ असं करणारं तत्त्व, आणि तेही सांख्यांनी प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या पदरात टाकलंय, नुसत्या पाहणाऱ्या चेतन पुरुषाच्या नव्हे. यावरून ‘आपल्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय’ असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. बौद्धांनी आत्मा नाकारला, सांख्यांनी नित्य पुरुष मानला, मेंदूचे अभ्यासक या दोघांशीही सहमत होतील असं नाही.

आता या सगळ्यावरचा खरा आक्षेप. भास व्हायला कोणीतरी लागतं ना? ‘मी’ हा भास असेल तर तो होतोय कोणाला?

देकार्त यांनी १६३७ मध्ये याच जागी खुंटा ठोकला होता. बाकी सगळ्यावर शंका घेता येईल, पण मी शंका घेतोय यावर नाही. मी विचार करतो, म्हणून मी आहे. यावर अठराव्या शतकातल्या गेओर्ग लिश्टेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने बोट ठेवलं. जर्मनमध्ये वीज चमकली की कर्त्याशिवाय बोलता येतं, तसंच ‘विचार होतोय’ एवढंच म्हणावं. ‘मी’ कुठून आणलात? मराठी माणसाला हे समजावण्यासाठी लांब जावं लागत नाही. ‘उजाडलं.’ कोण उजाडलं? कोणीच नाही. ‘सांजावलं’, ‘गडगडतंय’, ‘मळमळतंय’. या भावकर्तरी प्रयोगात क्रियेचा भाव हाच कर्ता मानतात. देकार्त यांच्या हाती खरं तर तेवढंच लागलं होतं, उजाडल्यासारखं काहीतरी. बाकीचा कर्ता व्याकरणाने पुरवला.

मग ‘मला’ कुठून येतं? जर्मन तत्त्वज्ञ थोमास मेत्सिंगर यांचं उत्तर मला पटतं. मेंदू जगाचं चित्र सतत रंगवत असतो. त्या जगात वावरायचं तर हे शरीर कुठे आहे, त्याला काय हवंय, काय टोचतंय, हेही त्या चित्रात हवं. म्हणून मेंदू स्वतःचंही एक चित्र त्यात काढतो. ते इतकं पारदर्शक असतं की काचेतून बाहेर पाहताना काच दिसू नये तसं ते चित्र म्हणून दिसतच नाही. चित्र पाहणारा बाहेर कोणी नाही. ‘पाहणारा’ हाही चित्रातलाच एक आकार आहे. आणि हा आकार फार उपयोगाचा आहे. तो विस्कटला की काय होतं हे डिपर्सनलायझेशनचा त्रास असलेल्यांना विचारावं. त्यांना स्वतःचे हात, स्वतःचा आवाज परका वाटतो, काचेआडून जगल्यासारखं वाटतं. फ्रेंच डॉक्टर ज्यूल कोतार यांनी १८८० च्या सुमारास अशा रुग्णांचं वर्णन केलं जे ‘मी अस्तित्वातच नाही’ असं ठामपणे म्हणत. त्यात मुक्ती नव्हती, भयंकर दुःख होतं. तुम्हाला असं परकेपण सारखं जाणवत असेल तर त्याला तत्त्वज्ञान समजून कवटाळू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. हे मी कळकळीने सांगतोय.

इथवर ‘मी’चं झालं. जाणिवेचं काय? या दोन गोष्टी लोक सर्रास एकत्र करतात आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच होतो. लाल रंग लाल दिसणं, दात ठणकणं, कुणाची तरी आठवण येऊन गळा दाटणं. हे ‘होणं’ म्हणजे जाणीव. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये विचारलं की वटवाघूळ असणं म्हणजे वटवाघळाला कसं वाटत असेल? त्याचा मेंदू, त्याचे प्रतिध्वनी सगळं मोजता येईल, पण ते ‘कसं वाटणं’ मोजपट्टीत येत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं. मेंदू माहिती कशी गोळा करतो, लक्ष कसं देतो, हे अवघड असलं तरी सुटण्यासारखं आहे. पण हे सगळं चालू असताना आत काही जाणवतं, ते का? १९९८ मध्ये मेंदूवैज्ञानिक क्रिस्तोफ कॉख यांनी चाल्मर्स यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्टपणे सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या देऊन पैज चुकती केली.

डॅनिएल डेनेट यांच्यासारखे विचारवंत म्हणत आले की जाणिवेचं हे गूढपणही भासच आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण इथे माझं पाऊल अडतं. रेघ लांब नसताना लांब दिसू शकते, कारण रेघ आणि दिसणं या दोन गोष्टी आहेत. वेदनेत अशा दोन गोष्टी नाहीत. दुखतंय असं मनापासून वाटणं म्हणजेच दुखणं. मालकाचा भास होऊ शकतो, कारण मालक असल्यासारखं वाटणं आणि मालक असणं यात अंतर आहे. जाणिवेत ते अंतर मला कुठेच सापडत नाही.

अद्वैत्यांचा एक जुना युक्तिवाद आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोप लागली, काहीच कळलं नाही. काहीच कळलं नाही, तर छान होती हे कोणाला कळलं? म्हणजे झोपेतही साक्षी जागा होता, आणि ही त्याचीच आठवण. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे पंडित, म्हणतात, छे, ही आठवण नव्हे, उठल्यावर ताजंतवानं वाटतं त्यावरून काढलेलं अनुमान आहे. अनेक शतकं चाललेला हा वाद मला पूर्वी शब्दांचा खेळ वाटायचा.

मग एकदा मला शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल द्यावी लागली. झोपेतून उठल्यावर काही काळ गेल्याचं जाणवतं. इथे तसं काही नव्हतं. डॉक्टर मला आकडे मोजायला सांगत होते, आणि त्याला लागूनच पुढचा क्षण होता, मध्ये काळ्या पट्टीइतकीही फट नाही. छान वाटलं का, असं कोणी विचारलं असतं तर नैयायिकांच्या बाजूने मला काही सांगता आलं नसतं आणि अद्वैत्यांच्याही नाही. पण जागं होतानाचे पहिले काही क्षण मला नीट आठवतात. पांढरा उजेड होता. कशाची तरी लयीत टिकटिक होती. घसा कोरडा होता, आणि तो कोणाचा घसा आहे हा प्रश्नच नव्हता. कोणीतरी एक नाव दोनदा उच्चारलं. ते माझं आहे, हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं, आणि त्याबरोबर शरीर, काळजी, आजचा वार, घरी कळवायचं राहिलंय, असं सगळं एकामागून एक येऊन चिकटलं. त्याच्या आधी फक्त उजाडलं होतं.